चाकूचं पाणी

अण्णांनी चाकू उघडला आणि पडवीच्या कठड्यावर ठेवला. मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे. चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची हीच रीत. "बघ," एवढंच म्हणाले.

मे महिना संपत आला होता. पडवीत आंब्याच्या शेवटच्या पेट्या, पेंढा, सुतळीची गुंडाळी, आणि या सगळ्यात तो घडीचा चाकू. मीच केलेला. पात्याच्या बुडाशी, बिजागरीच्या जवळ, मी बारीक आकड्यांत '६२' कोरलं होतं. धारेला मात्र तीन जागी टवके उडाले होते. त्यातला मोठा मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा असेल. बोट फिरवलं तर करवतीसारखं लागत होतं.

"काय कापत होतात?"

"पेटीची फळी सैल करत होतो. खिळा लागला."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये मी बावीस वर्षं काम करतोय. पोलाद लाल करणं, विझवणं, पुन्हा तापवणं हेच माझं पोट. गिअर, शाफ्ट, पंच, डाय असे हजारो जॉब माझ्या हाताखालून गेले. एकही नगण्य मानला नाही. आणि स्वतःच्या वडिलांसाठी केलेलं एक बोटभर पातं एका खिळ्यावर हरलं.

६२ हा आकडा रॉकवेलच्या 'सी' मापाचा. आमच्या शॉपमध्ये हे यंत्र दिवसभर चालू असतं. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू आधी दहा किलोच्या भाराने पृष्ठभागावर टेकवायचा, मग भार दीडशे किलोपर्यंत न्यायचा, मग जास्तीचा भार काढून शंकू किती खोल रुतला ते वाचायचं. दर दोन मायक्रॉनला, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशाला, शंभरातला एक गुण जातो. म्हणजे ६२ गुणांच्या पोलादात हिरा ७६ मायक्रॉन रुतलेला असतो आणि ५८ गुणांच्या पोलादात ८४. फरक आठ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा जेमतेम नववा-दहावा भाग. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, बॉल बेअरिंगच्या कारखान्यात काम करताना हे यंत्र काढलं. १९१४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९१९ मध्ये ते मिळालं. बेअरिंगच्या कड्यांना नीट पाणी बसलंय की नाही हे पटकन कळावं, एवढीच त्यांची गरज होती. तो आकडा पुढे चाकूवाल्यांच्या अभिमानाचा विषय होईल हे त्यांच्या मनातही नसणार.

माझ्या मनात मात्र होतं. ६२ कोरताना मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या दापोलीकडे कोयत्याला, कुऱ्हाडीला पाणी देतात. कडकपणासाठी याहून नेमका शब्द मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. हत्यार पाजवायचं म्हणतात तेही त्यातलंच, जणू लोखंडाला तहान लागते. पोलादाला जुनी माणसं तिखं म्हणत. लहानपणी पावसाच्या तोंडावर आईबरोबर विळे-खुरप्या शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, लोहाराकडे जायचो. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. भात्याची दोरी ओढायला मिळावी म्हणून मी तासन्‌तास तिथे बसलेला असे. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून ते कोयता करत. मग धारेकडचा भाग लाल करून तेवढाच पाण्यात बुडवत. चर्र आवाज होई. लगेच बाहेर काढून दगडाच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करत आणि डोळे बारीक करून बघत बसत. पाठीकडे उरलेली धग हळूहळू धारेकडे सरके आणि चकचकीत पोलादावर रंग चढत जाई. आधी पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग कोकमासारखा जांभळा. त्यापुढे निळा. त्यांना हवा तो रंग धारेला लागला की कोयता पुन्हा पाण्यात.

हे रंग म्हणजे पोलादावरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी, आणि ती जाडी तापमानाची खूण. पेंढ्याचा पिवळा साधारण २२० अंशांना, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या घरात. मामांकडे ना तापमान मोजायचं थर्मोकपल होतं ना आकडा. पण ते एक प्रश्न विचारत, आणि तो आज मला फार मोठा वाटतो. पाणी द्यायच्या आधी, आईच्या हातातून हत्यार घेताना ते विचारत, "काय तोडायचं याने?" गवत म्हटलं तर पिवळ्यावर थांबत. नारळ सोलायचा, लाकूड फोडायचं म्हटलं तर रंग पुढे जाऊ देत.

मी अण्णांना हे विचारलंच नव्हतं.

अण्णांचे चाकू दोन. एक कलमांचा. जूनमध्ये रायवळ कोयी रुजून वर आल्या, कोवळी पानं अजून तांबूस असली की कोय कलमं बांधायची. हापूसची काडी घ्यायची, तिला दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत पाचरीसारखा काप द्यायचा, खुंटाला चीर देऊन ती पाचर आत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. काप आरशासारखा हवा. धार जरा जरी बोथट असली तर काडी कापली न जाता चेंगरते, आणि सालीखालचा जिवंत थर खुंटाच्या थराला भेटत नाही. त्या चाकूने अण्णा दुसरं काहीही कापत नाहीत. तो फडक्यात गुंडाळून देवघराच्या फडताळात असतो आणि त्याला कुणी हात लावत नाही.

दुसरा खिशातला. सुतळी, काथ्या, नायलॉनची दोरी, खताच्या गोणीची शिवण, ठिबकची नळी, सगळं याच्यावर. पंपाच्या पाइपावरचा क्लिप आवळायला स्क्रू ड्रायव्हर मिळाला नाही तर याचंच टोक. गोणीला चिकटलेली जांभ्या दगडाची माती म्हणजे तर धारेला लागलेला खरकागदच. मी केला होता हा दुसरा चाकू, आणि पाणी दिलं होतं पहिल्याचं.

पुण्याला परतल्यावर ते पातं मी मायक्रोस्कोपखाली घातलं. पोलाद डी-टू. पंच आणि डाय करायला टूलरूममध्ये हेच लागतं, त्यामुळे आमच्याकडे त्याचे तुकडे पडून असतात. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. घासून घासून झिजत नाही म्हणून त्याचं नाव आहे, आणि ते खरं आहे. पण त्याचं हे बळ येतं क्रोमियमच्या कार्बाइडमधून, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेल्या कडक कणांतून, आणि डी-टूमध्ये हे कार्बाइड मोठाले असतात, काही तर वीस-तीस मायक्रॉनचे. चांगली धार टोकाला मायक्रॉनभर जाड असते. म्हणजे बारीक गिलाव्यात गिट्टी घातल्यासारखं. जोवर नुसतं कापायचं आहे तोवर ही गिट्टी धार टिकवते. आडवा झटका बसला की गिट्टी आणि सिमेंट यांच्या सांध्यात भेग सुरू होते आणि टवका उडतो. अण्णांच्या पात्यावरची भेग नेमकी अशीच एका कार्बाइडपासून दुसऱ्यापर्यंत उड्या मारत गेलेली दिसली.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. कणखर आणि चिवट. कणखर पोलाद दबत नाही, चिवट पोलाद तुटत नाही. एका पोलादात पाण्याचा आकडा वाढवला की बहुतेक वेळा चिवटपणा त्याच्या किमतीत जातो. धारेवर बळ जास्त आलं तर ती काहीतरी करणारच, एक तर मुडपेल नाही तर तुटेल. मुडपलेली धार दगडावर पाच-दहा वेळा ओढली की सरळ होते. तुटलेली धार परत आणायची तर टवक्याच्या खोलीइतकं अख्खं पातं घासून खाली आणावं लागतं. रोज राबणाऱ्या चाकूला पाणी किती द्यायचं ते ठरवताना मी आता आधी हेच ठरवतो, की ताण असह्य झाला तर याने काय करावं.

पहिला उपाय मी घाईत केला. त्याच पात्याला पुन्हा ३०० अंशांवर टेम्परिंग दिलं, म्हणजे विझवल्यानंतर बेताने तापवतात ते. आकडा ५७ वर आला. अण्णांनी महिनाभर वापरला. टवके लहान झाले पण थांबले नाहीत, आणि धार मात्र पूर्वीपेक्षा लवकर जायला लागली. आकडा उतरला तरी गिट्टी तीच होती. मला तेव्हा मामांचं आणखी एक वाक्य आठवलं. कोयत्याची धार निळी होऊ लागली की ते घाईने पाण्यात घालत आणि म्हणत, "निळं झालं की बेभरवशाचं." पुढे शिकताना कळलं की साध्या पोलादात साधारण २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात टेम्परिंग केलं तर कडकपणा उतरतो पण चिवटपणा वाढत नाही, उलट घटतो. म्हणजे मऊ केलं की आपोआप चिवट झालं असं नसतं. कमानपाट्याला चिवट ठेवायचं म्हणून कारखान्यात त्याचं टेम्परिंग या पट्ट्याच्या बरंच वर नेतात. मामांनी हा पट्टा हत्यारं मोडताना बघून ओळखला होता. मोडलेल्या तुकड्याचा दाणाही ते बघत. राखेसारखा बारीक, मऊ दिसणारा दाणा म्हणजे काम बरोबर. साखरेसारखा चमकणारा म्हणजे भट्टीत जास्त तापलं. आजही शॉपमध्ये नवा मुलगा आला की मी त्याला यंत्राजवळ नेण्याआधी एक तुकडा वाइसमध्ये धरून मोडायला लावतो.

दुसरा चाकू ईएन-३१ चा केला. हे बेअरिंगचं पोलाद, एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. ८३० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं, २०० अंशांवर टेम्परिंग द्यायचं. कार्बाइड इतके बारीक की मायक्रोस्कोपखाली रव्याऐवजी मैदा बघतोय असं वाटतं. ५९ वर ठेवलं. त्याच आकड्याच्या डी-टूपेक्षा ते कितीतरी पट चिवट असतं. अण्णांनी मुद्दाम खिळ्यावर घासून बघितलं. धार चकाकली, किंचित मुडपली, तुटली नाही. त्यांनी निसण्यावर ओढली आणि मान डोलावली. मला वाटलं, झालं.

मग पाऊस आला. कोकणातला पाऊस ज्याने चार महिने अंगावर घेतलाय त्याला गंज काय असतो ते सांगायला नको. सुरा असता तर पुसून, खोबरेल लावून ठेवला असता. पात्यावर काळपट थर चढतो तो फारसा त्रास देत नाही, आमच्या घरच्या विळीवरही तो वर्षानुवर्षं आहे. पण घडीच्या चाकूचं दुखणं बिजागरीत असतं. तिथे फडकं जात नाही. ओल्या खिशातलं पाणी, आंब्याचा चीक, कोकमं फोडताना उडालेला आंबट रस हे सगळं सांध्यात उतरतं आणि तिथेच राहतं. ऑगस्टमध्ये तो चाकू उघडायला पक्कड लागली. धारेचंही तेच. टोकाशी मायक्रॉनभर असलेलं पोलाद रात्रभरात गंज खाऊन टाकतो, आणि काहीही न कापता चाकू सकाळी बोथट निघतो. डी-टूलाही हे चुकत नाही. बारा टक्के क्रोमियम ऐकून ते स्टेनलेस वाटतं, पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, गंजाशी झुंजायला मोकळं उरतच नाही.

आमच्या आधी हा प्रश्न जगात अनेकांनी सोडवलाय, आणि त्यांची उत्तरं वाचताना मला फार आधार वाटला. फ्रान्सच्या साव्होआ भागात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू केला. तो आजही कार्बन पोलादात मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेला कारखाना म्हणजे आजचं व्हिक्टोरिनॉक्स. त्यांच्या चाकूंचं पातं ५५-५६ वर असतं. बरेच हौशी लोक याला मऊ म्हणून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जो चाकू शेतकरी, सैनिक, शाळकरी मुलगा कुणाच्याही खिशात जाणार आणि वाटेतल्या कुठल्याही दगडावर धार घेणार, त्याला हेच पाणी शोभतं. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० हा घडीचा चाकू १९६० च्या दशकात आला तेव्हा ४४०सी पोलादात होता, एक टक्क्याच्या आसपास कार्बनचं. पुढे कंपनी ४२०एचसीवर आली, कार्बन निम्म्याहूनही कमी. कागदावर हे खाली उतरणं आहे. पण पॉल बॉस यांच्या हीट ट्रीटमेंटने त्याच पोलादातून ५८ च्या आसपासचं पातं निघालं, आणि लोक ते चाकू वर्षानुवर्षं शिकारीला, शेतावर वापरत आलेत. हे सांगताना मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही. भट्टीवाल्याने जीव ओतला तर साधं पोलाद सोनं होतं, आणि त्याने आळस केला तर महागातलं महाग पोलादही वाया जातं.

महागातलं घ्यावं असंही एकदा मनात आलं होतं. पावडर धातुशास्त्राची पोलादं आता नावाजलेली आहेत. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा उडवून भुकटी करायची, मग ती दाबाखाली तापवून एकजीव करायची, म्हणजे कार्बाइड वाढायला वेळच मिळत नाही. २००१ मध्ये आलेलं एस-३०व्ही हे खास चाकूंसाठी म्हणून केलेलं, चार टक्के व्हॅनेडियमचं. धार टिकण्यात ते अव्वल. पण व्हॅनेडियमचा कार्बाइड कडकपणाच्या विकर्स या दुसऱ्या मापावर २८०० च्या घरात जातो आणि अण्णांचा निसणा आहे कुरुंदाचा, सुमारे २००० चा. दगडापेक्षा कार्बाइड कणखर म्हणजे दगड भोवतीचं पोलाद घासणार आणि कार्बाइड तसेच राहणार. त्यासाठी हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते. ती मी अण्णांना आणून देऊ शकलो असतो. पण पंचाहत्तरीच्या माणसाने चाळीस वर्षांच्या दगडावर बसवलेला हात चाकूसाठी बदलायचा, हे मला उलटं वाटलं.

शेवटी १४सी२८एन मागवलं. स्वीडनचं पोलाद, ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम, आणि ०.११ टक्के नायट्रोजन. गंमत आहे ती या नायट्रोजनमध्ये. कार्बन क्रोमियमला पकडून कार्बाइड करतो म्हणून कार्बन थोडा कमी ठेवलाय, आणि त्यामुळे जो कडकपणा कमी पडला असता तो नायट्रोजनने भरून काढलाय. क्रोमियम मोकळं राहिलं, गंजाला तोंड द्यायला. कार्बाइड मायक्रॉनच्या घरातले. याला ऐरणीचा आणि रंगांचा रस्ता नाही. १०६० अंशांच्या आसपास भट्टीत तापवायचं, बाहेर आल्यावर ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांत दाबून गार करायचं, लगेच ड्राय आइसमध्ये घालायचं. ही थंडी चुकवली तर पोलादाचा काही भाग जुन्या मऊ रूपातच अडकून राहतो आणि पुढे धार लावताना निघणारी बारीक कड सुटता सुटत नाही, मागे तारेसारखी लोंबत राहते. मग २०० अंशांच्या वर दोनदा टेम्परिंग. सहज ६१ मिळालं असतं. मी ५९ वर थांबलो.

आकड्याइतकंच, कदाचित जास्तच, काम पात्याच्या घडणीचं असतं. पहिल्या चाकूत धारेच्या मागची जाडी मी पाव मिलिमीटर ठेवली होती, कोन एका बाजूला १५ अंश. या वेळी अर्धा मिलिमीटर आणि २० अंश. टोकाकडे पाठ निमुळती करायची हौस सोडून दिली, कारण ते टोक पंपाच्या क्लिपवर जाणार हे मला माहीत होतं. आणि धार बेल्टवर शेवटपर्यंत नेली नाही. शेवटचा भाग हाताने, पाण्यात, दगडावर. बेल्टवर क्षणभर ठिणगी जास्त उडाली तरी ती मायक्रॉनभराची कड पुन्हा टेम्पर होऊन मऊ पडते, आणि रॉकवेलचं यंत्र पात्याच्या सपाट अंगावर टेकत असल्यामुळे ते हे कधीच सांगत नाही. रस्त्यावर कोरड्या चाकावर धार लावून घेतलेली सुरी दोन दिवसांत बोथट होते तेव्हा दोष बहुधा सुरीचा नसतो.

या चाकूवर मी आकडा कोरला नाही.

जूनमध्ये दिला, दिवाळीला गेलो तेव्हा बघायला मागितला. मूठ माझ्याकडे करून अण्णांनी ठेवला. बिजागरी मोकळी होती. पात्यावर चरे होते, टोक थोडं बोथटलं होतं, धारेवर एका जागी उजेड पकडणारी बारीक रेघ होती. तिथे मुडपली होती. मी भिंगातून बघतोय तोवर त्यांनी तो हातातून घेतला, निसण्यावर पाणी शिंपडलं, एका बाजूने आठ, दुसऱ्या बाजूने आठ ओढी काढल्या आणि मनगटावरचे केस उडवून दाखवले. चाकू मिटून खिशात गेला.

मग जरा वेळाने, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "नारळ उतरवायला येतो ना, त्यालाही एक कर असाच. पण तो माझ्यासारखा सांभाळायचा नाही, झापा तोडतो, पत्रा उचकटतो. त्याच्या चाकूला पाणी जरा कमी दे."